लिंबाखालची खुर्ची

८ ऑगस्ट

झालं! एकोणीस वर्षांची नोकरी दीड मिनिटात संपली.

प्राचार्यांनी 'बसा' सुद्धा म्हटलं नाही. "सर, यंदा वर्कलोड बसत नाही." वर्कलोड! एकोणीस वर्षं तासिका तत्त्वावर इतिहास शिकवला – म्हणजे तास घेतला तर मोल, नाही घेतला तर काही नाही. उसाच्या फडावरचा मुकादमसुद्धा मजुराच्या डोळ्यांत बघून सांगतो, उद्या येऊ नको. हे महाशय मोबाइलमध्ये बघत होते. आणि वर कडी म्हणजे – "पंधरा ऑगस्टला भाषणाला मात्र या हं. तुमच्यासारखं बोलणारा जिल्ह्यात नाही."

तुमच्या झेंड्याला तुम्हीच बोला म्हणावं!

म्हणालो मात्र नाही. बसमध्ये सोनपेठ येईपर्यंत उत्तरं सुचत राहिली. एकाहून एक सरस. सगळी उशिरा.

११ ऑगस्ट, सोमवार

पहिला सोमवार रिकामा गेला.

डोक्यात गुंता झालाय, म्हणून सगळं नीट लिहून काढतो.

आबा – माझे वडील, भगवानराव – कचेरीसमोरच्या लिंबाखाली अडतीस वर्षं बसले. अर्जनवीस. एक लोखंडी टेबल, एक पत्र्याची खुर्ची, खुर्चीला साखळी, साखळी लिंबाला, कुलपाची चावी आबांच्या बंडीच्या खिशात. लोकांना लिहिता येत नव्हतं तेव्हा गर्दी होती. आता घरोघरी पदवीधर, तरी गर्दी आहेच. वारस लावायचा, रेशनकार्ड फोडायचं, निराधारचं अनुदान, पोरीचा दाखला. आबा अजून 'दरखास' म्हणतात. प्रत्येक दरखाशीच्या डोक्यावर 'विनंती अर्ज', प्रत्येकीच्या पायाशी 'आपला नम्र'. अडतीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या वतीनं नम्र होता! मी पोरगा असताना ठरवलं होतं, या टेबलाला हात लावणार नाही. विनंती करणाऱ्याच्या घरात मी मागणी करायला शिकलो.

मागच्या बुधवारी आबा न्हाणीत घसरले. खुबा दुखावला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने खाट.

आणि लिंबाखालच्या सहा अर्जनविसांचा एक दस्तूर आहे, कुठं लिहिलेला नाही. सोमवारी कचेरीत सगळ्यात जास्त गर्दी. तीन सोमवार खुर्ची रिकामी राहिली की जागा गेली. चौथ्या सोमवारी जो आधी खुर्ची टाकील त्याची. म्हणजे आजचा एक, १८ चा दुसरा, २५ चा तिसरा आणि शेवटचा.

शेजारच्या खुर्चीवरचे मार्तंडराव संध्याकाळी बघायला आले. केळी आणली. "आरामात बरे व्हा भगवानराव, घाई न्हाई." घाई नाही म्हणताना नजर कुठं? बंडीच्या खिशावर! यांचा जावई दोन वर्षं घरी बसलाय हे गावाला ठाऊक आहे.

आबा म्हणाले, "भूषण, जागा जाईल रे." मी विषय बदलला. बशीतला चहा त्यांच्या छातीवर सांडत होता. उजवा हात दोन वर्षांपासून असाच थरथरतो. पण अर्जावरचं अक्षर बघा – टपोरं, सरळ, एकही फाटा नाही. अडतीस वर्षांची सवय, दुसरं काय.

आता दुसरी बाजू. मी एप्रिलमध्ये वकिलीची प्रवेश परीक्षा दिली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. यादीत नाव आलंय. परभणी. ३० तारखेच्या आत कागद घेऊन हजर व्हायचं. वय चव्वेचाळीस!

खुर्ची की बाक? बापाचा धंदा की नवी पाटी?

१२ ऑगस्ट

आज एक काम केलं. माणसासारखं.

कस्तुराबाई आल्या होत्या. आयुष्यभर जोडीनं ऊसतोड केली, माघात नवरा गेला. "आबांची खुर्ची रिकामी दिसली म्हून घरला आले. निराधारची दरखास लिवायची हाय." बबिता – माझी बायको – स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बसा मावशी, मी बघते." मी म्हटलं, तू चहा टाक, मी लिहितो.

आणि लिहिली! चार पानं. 'विनंती अर्ज' नाही – 'हक्काचं निवेदन'. संविधानाची कलमं, ऊसतोड कामगारांचा इतिहास, या जिल्ह्यातल्या साखरेचा गोडवा कुणाच्या हाडांतून येतो ते. शेवटी 'आपला नम्र' नाही – 'या मातीची एक लेक'. मोठ्यानं वाचून दाखवली तर म्हातारी पदरानं डोळे पुसायला लागली. बबिता ट्रे घेऊन दारात. म्हणाली, "मावशीचं वय –"

म्हटलं, अन्यायाला वय नसतं.

ती आत गेली.

आबांना म्हणालो, बघा, अर्ज असा लिहितात. आबांनी कागद हातात घेतला, बराच वेळ थरथरत धरला. "लय लांब हाय," म्हणाले. इतकंच! लहान स्वप्नांची माणसं.

१४ ऑगस्ट

बबिताला विचारलं, खुर्ची की वकिली?

"तुमी ठरवा."

वीस वर्षांचा संसार. घरात दीड हजार पुस्तकं. आणि या बाईला कशावर मत म्हणून नाही! मग कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "कॉलेजला गॅपचं प्रतिज्ञापत्र लागंल. येवढ्या वर्षांचा खंड हाय."

हिला कुठून कळलं? टीव्हीवर असेल.

१५ ऑगस्ट

गंगाखेडला महिला मेळाव्यात बोललो. पन्नास मिनिटं. ज्या बाईच्या कष्टावर घर उभं असतं तिचं नाव दारावरच्या पाटीवर का नसतं – असा सवाल टाकला. मंडप स्तब्ध! शाल, ग्रंथ, गुलाबाचं फूल. एक शिक्षिका म्हणाली, "सर, आमच्या मनातलं बोललात." कुणाच्या मनातलं मी बोलत नाही? सबंध जिल्ह्याच्या मनातलं बोलतो मी, आणि जिल्हा मला गुलाबाचं फूल देतो.

बबिताला चल म्हटलं होतं. "आबांजवळ कुणी पायजे ना."

परतलो तर दोघं खाटेवर कागद पसरून बसलेली. मला बघून तिनं आवरलं. बचत गटाचं रजिस्टर असणार. बोटांना शाई लागलेली. ताट वाढलं ते त्याच बोटांनी. बोललो मी त्यावर.

१७ ऑगस्ट

आजचा दिवस वाया. परभणीला 'स्वयंरोजगार प्रेरणा शिबिर'. सिद्धोधननं ओढून नेलं – माझा बालमित्र, विम्याची कामं करतो, बोलताना माणसाच्या मरणाचा हिशोब आधी करतो. "चल रे, काहीतरी डोक्यात पडंल." पडलं! व्यासपीठावर नचिकेत नावाचा एक तरुण. ऑगस्टच्या उकाड्यात टाय. "स्वतःचे बॉस व्हा! नोकरी ही मानसिकता आहे!" आणि चारशे डोकी माना हलवतायत. बी.एड. झालेली, डी.फार्म. झालेली, काहीच न झालेली.

प्रश्नोत्तरांत मी उभा राहिलो. विचारलं, आपण स्वतः काय करता? म्हणाला, प्रशिक्षक आहे. म्हटलं, स्वतःचे बॉस? म्हणाला, "नाही, म्हणजे... अकरा महिन्यांच्या करारावर." सभागृह हशानं दणाणलं! शिट्ट्या! सिद्धोधननं हात धरून खाली बसवलं. "भूषण, पोटावर पाय नको देऊ बिचाऱ्याच्या."

नंतर चहाच्या टपरीवर तो नचिकेत एकटाच दिसला. टाय सोडून खिशात घातला होता. माझ्याकडे बघून हसला. मी हसलो नाही. हसायला हवं होतं.

परतीच्या वाटेवर सिद्धोधन म्हणाला, "तू लग्नात निवेदन कर. जयंत्यांची सुपारी घे. तुझ्या तोंडावर धंदा चालंल." लग्नात! 'आता वधूचे मामा शुभेच्छा देतील' असं सांगायला मी आयुष्यभर वाचलं? जे तोंड बाबासाहेबांवर तास-तास बोलतं त्याची सुपारी?

१८ ऑगस्ट, सोमवार

दुसरा सोमवार गेला.

मी परभणीत. विधी महाविद्यालय बघून आलो. बाकावरची पोरं मला बघून उठून उभी राहिली. एक मुलगी म्हणाली, "सर, कुठला विषय घेता?" म्हटलं, प्रवेश घेतो. ती हसली, मग घाबरली, मग स्वतःची बाकावरची जागा देऊ लागली. कीव! मला ती नको होती.

खिडकीवरच्या माणसानं यादी दिली. दाखले, गुणपत्रिका, आणि – गॅपचं प्रतिज्ञापत्र. तेवढं बबिताचं खरं निघालं. "शिक्षण संपल्यापासून आजपर्यंत काय केलं, ते एका वाक्यात." एका वाक्यात! मी दमलो होतो, नाहीतर त्याला सांगितलं असतं की एकवीस वर्षं एका वाक्यात मावतात ती तुमच्यासारख्यांची.

पण कोर्ट... कोर्टात काळा कोट घालून उभा राहीन आणि समोरच्याला ऐकावंच लागेल. मोबाइलमध्ये बघता येणार नाही. हे डोळ्यांसमोर आलं की लिंबाखालची ती पत्र्याची खुर्ची खेळण्यातली वाटते.

पण तीन वर्षं घर कशावर? लेकीची, धम्मशीलाची, नांदेडची नर्सिंगची फी कुठून? आबांची औषधं? त्या खेळण्यातल्या खुर्चीवरच तर हे घर आतापर्यंत चाललं – माझ्या तासिकांवर कधीच नाही. हे वाक्य लिहिताना पेन अडखळलं.

२० ऑगस्ट

कस्तुराबाई परत आल्या. चार पानं घडी करून पदरात. "घेतली न्हाई कचेरीतल्या मॅडमनी."

अपेक्षित होतं! सत्य चार पानांत आलं की यांच्या टेबलाला ते पेलवत नाही. बबितानं कागद मागितले. दिले नाहीत. उद्या मी स्वतः जाणार. मावशींना म्हटलं, चला, उद्या तमाशा दाखवतो तुम्हाला.

२१ ऑगस्ट

लिहायला नको वाटतंय. लिहितो.

कचेरीच्या व्हरांड्यात उभं राहून बोललो. वीस मिनिटं असतील. खिडक्यांतून डोकी बाहेर आली, लिंबाखालून माणसं आली, मार्तंडराव आले. लोकशाहीतला मालक कोण आणि चाकर कोण, हे विचारलं. टाळ्या पडल्या. टेबलावरची बाई – हेमा मॅडम म्हणतात तिला – पेन खाली ठेवून ऐकत बसली. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं, सर?"

म्हटलं, सुरुवात आहे ही.

"मावशी रडायल्या म्हणून मी चारी पानं वाचली होती," ती म्हणाली. "दोनदा वाचली. तुम्हीच दाखवा सर – यात अर्जदाराचं नाव कुठं आहे?"

मी कागद घेतले. पहिलं पान. दुसरं. लोक बघत होते. 'या देशातील कोट्यवधी विधवा' होत्या. 'श्रमिक माता' होती. 'या मातीची एक लेक' होती. कस्तुराबाई नव्हती. गाव नव्हतं, वय नव्हतं, रेशनकार्डाचा नंबर नव्हता, नवरा कधी वारला ती तारीख नव्हती. चार पानांत एकही माणूस नव्हता.

"यादी काल बंद झाली सर," हेमा मॅडम हळूच म्हणाली. मोठ्यानं म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं. "आता पुढची बैठक तीन महिन्यांनी."

तीन महिने! मला राग काढायला कुणी मिळेना. कस्तुराबाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या सर. लय चांगलं लिवलं होतं तुमी. पर ते माजं न्हवतं. ते समद्यांचंच होतं."

मागं कुणीतरी टाळी वाजवली. त्याला वाटलं, भाषण अजून चालू आहे.

२२ ऑगस्ट

पोळा. रस्ते बैलांनी अडलेत. बाहेर पडलो नाही. बरं झालं.

२४ ऑगस्ट

ठरलं!

वकिली नाही. काळा कोट गेला खड्ड्यात. उद्या तिसरा सोमवार. उद्या लिंबाखाली मी बसणार. एका बाईचं नाव विसरलो, त्याचं प्रायश्चित्त त्याच खुर्चीवर. जिल्ह्याचा वक्ता रेशनकार्डाचे अर्ज लिहील – हसू द्या ज्यांना हसायचं ते. प्राचार्यांना हसू द्या. मार्तंडरावांच्या जावयाला रडू द्या! घरासाठी माणूस कुठवर खाली उतरू शकतो हे सोनपेठला दिसू दे.

आबांना सांगितलं. वाटलं होतं, म्हातारा गहिवरेल.

"तुला न्हाई जमायचं."

का?

"तू आईकत न्हाईस, भूषण. हितं कान लागतो. तोंड न्हाई लागत." मग उशी सरळ करत – "जागेची फिकीर सोड. तू वकील हो. वकिलाला तोंड चालतं."

मी उठून आलो. चव्वेचाळीस वर्षांच्या मुलाचा त्याग, आणि हे उत्तर! चावी मागितली तर म्हणाले, "हाय जिथं असायची तिथं."

बबिता ऐकत होती. शर्टाला इस्त्री करून ठेवली तेवढी.

२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी उठलो तर बबिता घरात नव्हती. आबांच्या उशाशी पाणी, गोळ्या, पेज झाकून ठेवलेली. बंडीच्या खिशात चावी नव्हती. म्हटलं, चोरली! केळी देऊन चोरली मार्तंडरावांनी!

इस्त्रीचा शर्ट घालून, तोंडात चार धारदार वाक्यं तयार ठेवून साडेदहाला पोचलो. लिंबाखाली गर्दी. साखळी सोडलेली. आमच्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं. माणसं बाजूला सारली –

बबिता.

डोळ्यांवर चष्मा. तिला चष्मा आहे? समोर कस्तुराबाई. "रेशनकार्ड आणलं? उतारा? काकांच्या मृत्यूचा दाखला? तारीख वाचून दाखवते, बरोबर हाय का सांगा." हळू, एकेक. म्हातारी एकेक कागद पिशवीतून काढत होती. मग बबितानं लिहायला घेतलं. टपोरं, सरळ, एकही फाटा नाही.

ते अक्षर मी दोन वर्षं आबांचं समजत होतो.

मार्तंडराव स्वतःच्या कपातला अर्धा चहा तिच्या टेबलावर ठेवत म्हणाले, "वैनी, आदी घोटभर घ्या. – अन् सर, तुमी हितं? कोर्टात न्हाई का गेलाव?" मी म्हटलं, हे काय चाललंय? ते माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजे? दोन वर्षं भगवानराव दिवसा आईकत, वैनी सांजच्याला लिहीत. अख्ख्या लिंबाला ठाव हाय. मी केळी घेऊन काहून आलतो मग? वैनीला सांगायलाच की, तिसऱ्या सोमवारपर्यंत येऊन बसा, न्हाईतर दस्तूर मोडता येत न्हाई आमाला." मग आवाज खाली आणून – "तुमाला ठाव न्हवतं?"

अख्ख्या लिंबाला. बहुतेक हेमा मॅडमलाही.

दुपारी घरी विचारलं. सांगितलं का नाही मला?

"तुमी इचारलं न्हाई."

अर्ज दीड पानाचाही नव्हता. पहिल्या ओळीत कस्तुराबाईंचं पूर्ण नाव. शेवटी 'आपली नम्र'. आणि पुढच्या यादीसाठी त्याची पोच, शिक्क्यासकट.

२८ ऑगस्ट

लिंबाखाली गेलो. पुढं सहा जण होते. रांगेत उभा राहिलो.

"नाव? पूर्ण." सांगितलं. तिनं लिहिलं, अगदी वर.

"वय?"

"चव्वेचाळीस."

"शिक्षणातला खंड?"

"एकवीस वर्षं."

"या काळात काय करत होता?"

मी बोलायला सुरुवात केली.

"थोडक्यात सांगा," बबिता मान वर न करता म्हणाली. "मागं माणसं खोळंबलीत."

एक वाक्य सापडेना. तिनंच लिहिलं – 'घरगुती कारणास्तव.'

वाचून दाखवलं. मी सही केली.